किती खोल, आणि नेमकं कुठे?

जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक चालू होता. उपांत्य फेरीच्या दुसऱ्या डावात नागपूरची दिव्या देशमुख आणि चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी समोरासमोर बसल्या होत्या. डाव १०१ चाली चालला आणि दिव्या जिंकली. पुढे अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून तिने विश्वचषक मिळवला, आणि त्यासोबत ग्रँडमास्टर हा किताबही. असे डाव आता आपण मोबाइलवर बघतो. पटाच्या कडेला एक काळी-पांढरी उभी पट्टी असते. पांढरा भाग वर चढला की पांढऱ्याची बाजू भक्कम, खाली घसरला की काळ्याची. शेजारी +१.८ किंवा −०.४ असा आकडा असतो आणि त्याच्याही बाजूला, बारीक अक्षरांत, ‘डेप्थ २८’ किंवा ‘डेप्थ ३१’ असं काहीतरी.

पट्टीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, डेप्थकडे फारसं कुणाचं नसतं. बघितलंच तर एवढंच वाटतं, की यंत्राने २८ खेळ्या पुढचं सगळं पाहून ठेवलंय. ही समजूत चुकीची आहे. संगणकाला बुद्धिबळ शिकवणाऱ्यांनी गेली ७० वर्षं जी काही करामत केली, ती नेमकी या आकड्यामागे दडलेली आहे.

आधी मोजमाप बघू. पांढऱ्याने एक खेळी केली की तो एक प्लाय. काळ्याने उत्तर दिलं की दुसरा. म्हणजे आपण ज्याला एक पूर्ण चाल म्हणतो तिचे दोन प्लाय होतात. डाव सुरू होताना पांढऱ्याकडे २० खेळ्या असतात: आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन, दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्याकडेही तितक्याच. म्हणून दोन प्लायनंतर डाव ४०० वाटांनी गेलेला असू शकतो. तीन प्लायला हा आकडा ८,९०२ होतो, चारला १,९७,२८१, पाचला ४८,६५,६०९ आणि सहाला ११,९०,६०,३२४. दोघांनी जेमतेम तीन-तीन खेळ्या केल्यात आणि शक्य वाटा बारा कोटींच्या घरात पोचल्या.

डाव मधल्या टप्प्यात आला की प्रत्येक स्थितीत साधारण ३०-३५ खेळ्या शक्य असतात. ३५ धरल्या आणि बारा प्लाय, म्हणजे दोघांच्या सहा-सहा खेळ्या, तपासायच्या म्हटल्या तर किती वेळ लागेल? १९९७मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. त्या वेगाने एकेक वाट मोजत बसला असता, तर एका खेळीचा विचार पुरा करायला त्याला पाचशेहून जास्त वर्षं लागली असती. प्रत्यक्षात तो बारा प्लाय मिनिटांत उरकायचा आणि काही वाटांवर त्याच्या दुपटी-तिपटीनेही पुढे जायचा. तेव्हा मुख्य काम असतं, कोणत्या वाटा बघायच्याच नाहीत ते ठरवण्याचं.

हे ठरवायची पहिली पद्धत अशी आहे की तिच्यात काहीच गमवावं लागत नाही. तिचं नाव अल्फा-बीटा. समजा, रामनवमीच्या गर्दीत तुम्ही कुटुंबासह शिर्डीत उतरलात आणि राहायला लॉज शोधताय. लॉज कोणता घ्यायचा हे तुमच्या हातात. पण त्यातली कोणती खोली मिळणार हे मालकाच्या हातात, आणि तो उरलेल्यांतली सगळ्यांत वाईट खोलीच गळ्यात मारणार असं धरून चाला. पहिल्या लॉजच्या सगळ्या खोल्या तुम्ही फिरून बघितल्या. तिथली सगळ्यांत वाईट खोलीही बरी आहे; खिडकी आहे, नळाला पाणी आहे. दुसऱ्या लॉजमध्ये पहिलंच दार उघडलं, तर आत ना खिडकी ना पाणी. आता त्या लॉजमधल्या बाकीच्या खोल्या कितीही चांगल्या असोत, त्या बघण्यात एक मिनिटही घालवायची गरज नाही. मालक तुम्हाला ही खोली किंवा हिच्याहून वाईट खोली देणार. पहिला लॉज बरा, हे ठरलं.

बुद्धिबळात लॉज म्हणजे आपली खेळी आणि खोली म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं उत्तर. माझ्या एखाद्या खेळीला त्याच्याकडे एक जरी असं उत्तर सापडलं, की ज्याने मी आधी तपासलेल्या खेळीपेक्षा वाईट अवस्थेत जातो, तर त्या खेळीची बाकीची ३४ उत्तरं तपासायचं कारण उरत नाही. इथे अंदाज नाही, जुगार नाही. सगळ्या वाटा तपासून जे उत्तर आलं असतं, तेच उत्तर येतं. डोनाल्ड नुथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५मध्ये या पद्धतीचं गणित नीट मांडलं. प्रत्येक ठिकाणी सर्वांत चांगली खेळी आधी तपासली गेली, तर सहा प्लायसाठी १८३ कोटींहून जास्त शेवटच्या स्थितींऐवजी फक्त ८५,७४९ बघाव्या लागतात. ढोबळपणे बोलायचं तर तेवढ्याच कष्टात दुप्पट खोली गाठता येते.

मात्र त्यात एक ‘जर’ आहे. चांगली खेळी आधी तपासली गेली तर. पडके लॉज आधी बघत बसलात तर वाचलेला वेळ फारसा नसतो. आणि चांगली खेळी कोणती हे आधीच ठाऊक असतं, तर शोध तरी कशाला घेतला असता? या पेचातून वाट काढणारी युक्ती ऐकताना उधळपट्टी वाटते. यंत्र आधी फक्त एक प्लाय शोधतं. मग पहिल्यापासून सुरुवात करून दोन प्लाय, पुन्हा पहिल्यापासून तीन, मग चार. दर फेरीत जे सापडलं त्यावरून पुढच्या फेरीत खेळ्यांचा क्रम लावला जातो. आधीच्या सगळ्या फेऱ्यांचे कष्ट शेवटच्या फेरीपुढे किरकोळ असतात, आणि लागलेल्या क्रमामुळे होणारी बचत त्याच्या कितीतरी पट असते. शिवाय घड्याळ संपत आलं तर हातात मागच्या फेरीचं तयार उत्तर असतं. तुम्ही मोबाइलवर डेप्थचा आकडा १८, १९, २० असा चढताना बघता, ती हीच फेऱ्यांमागून फेऱ्यांची चढण.

याच्या जोडीला स्मरण लागतं. वेगवेगळ्या क्रमाने खेळून डाव त्याच स्थितीला येतो हे कुठल्याही खेळाडूला माहीत असतं. यंत्रालाही ते ओळखता यायला हवं, नाहीतर तेच काम ते शंभर वेळा करत बसेल. १९७०मध्ये आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी त्यासाठी एक सुंदर रीत काढली. बारा प्रकारचे मोहरे, ६४ घरं. प्रत्येक मोहरा-घर जोडीला एक यादृच्छिक संख्या द्यायची, अशा एकूण ७६८ संख्या. पटावर जे मोहरे असतील त्यांच्या संख्या एका विशिष्ट पद्धतीने एकत्र केल्या की त्या स्थितीचा जवळपास अद्वितीय क्रमांक मिळतो. कुणाची पाळी आणि कॅसलिंगचा हक्क, यांच्या वेगळ्या संख्या त्यात मिसळायच्या. खेळी झाली की सगळा क्रमांक पुन्हा काढायला नको. हललेल्या मोहऱ्याची जुनी संख्या काढली, नवी घातली, काम झालं. ही स्थिती आधी भेटली होती का, किती खोल तपासली होती आणि निष्कर्ष काय निघाला होता, हे एका क्षणात कळतं.

इथवर सगळं गणिती काटेकोरपणे चाललं. खरी अडचण पुढे आहे, आणि मला या विषयातला सगळ्यांत विलक्षण भाग तोच वाटतो.

एक स्थिती डोळ्यांसमोर आणा. काळ्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलंय. त्याचा राजा सी-८ घरात आहे, पुढे ए-७, बी-७, सी-७ वर तीन प्यादी. पांढऱ्याचा उंट ई-३ वर आहे आणि ए-७चं प्यादं त्याला राखणीविना पडलेलं दिसतंय. उंट ते मारतो. काळा बी-७चं प्यादं एक घर पुढे, बी-६ला सारतो. उंटाची परतीची तिरपी वाट बंद. पुढे काळा राजा बी-७ला येईल आणि त्याच्या पुढच्या खेळीत उंट मारील. नवशिक्यालाही दोनदा फसला की हा सापळा कळतो. (१९७२च्या जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात रेक्याविक इथे बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीचं एच-२चं प्यादं उंटाने असंच खाल्लं आणि उंट अडकवून घेतला, यावर आजही चर्चा होते.)

आता प्लाय मोजा. उंट प्यादं मारतो, एक. प्यादं बी-६ला, दोन. पांढरा काहीतरी खेळतो, तीन. राजा बी-७ला, चार. पांढरा काहीतरी खेळतो, पाच. राजा उंट मारतो, सहा. पाच प्लायवर थांबणाऱ्या यंत्राच्या हिशोबात काय दिसतं? एक प्यादं मिळालं, बाकी सगळं ठीक. ते आनंदाने उंट सापळ्यात घालतं.

पण खरी गंमत यानंतर सुरू होते. एक-दोन खेळ्यांनी उंटाचा मृत्यू पाच प्लायच्या आत येतो आणि यंत्राला तो दिसू लागतो. तेव्हा त्याला असं आढळतं, की एखादं प्यादं पुढे सारून काळ्याच्या घोड्यावर हल्ला केला तर काळ्याला आधी ते प्यादं मारावं लागतं. त्यात दोन प्लाय खर्च होतात. उंट मरायचा प्रसंग पुन्हा पाच प्लायच्या पलीकडे ढकलला गेला, म्हणजे यंत्राच्या लेखी उंट वाचला आणि फक्त एक प्यादं गेलं! पुढच्या खेळीला उंट पुन्हा संकटात दिसतो आणि यंत्र दुसरं प्यादं देतं. मग तिसरं. शेवटी प्यादीही जातात आणि उंटही. हान्स बर्लिनर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या दोषाचं सविस्तर वर्णन केलं आणि त्याला ‘क्षितिज परिणाम’ म्हटलं. बर्लिनर स्वतः पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे जगज्जेते होते, त्यामुळे यंत्राचं हे वागणं खेळाडूच्या नजरेला किती विचित्र दिसतं हे त्यांना पुरेपूर कळत होतं.

यावर पहिला विचार असा येतो की पाचाऐवजी सहा प्लाय बघा. पण मग सात प्लायचा सापळा निसटतो. क्षितिज कितीही लांब नेलं तरी ते कुठेतरी असणारच. एकसारख्या खोलीचा हाच दोष आहे: शांत स्थितीत आणि मारामारी चालू असलेल्या स्थितीत यंत्र एकाच ठिकाणी शोध तोडतं. वजिराने वजीर मारला आणि उलट मारणं बाकी असताना शोध संपला, तर यंत्र समजतं आपल्याला फुकट वजीर मिळाला.

म्हणून उपाय असा केला गेला, की ठरलेली खोली संपली तरी मोहरे मारण्याच्या खेळ्या शिल्लक असतील तर तेवढ्याच पुढे बघत जायच्या आणि धूळ खाली बसल्यावरच मूल्यमापन करायचं. ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. ॲलन ट्युरिंग यांनी कागदावर लिहिलेल्या बुद्धिबळाच्या कार्यक्रमातही अशा ‘मृत’ स्थितीपर्यंत जायचं ठरलेलं होतं. शह दिला गेला असेल तर ती वाट एक प्लाय जास्त बघायची, हा दुसरा नियम. कारण शहाला उत्तरं मोजकी असतात, त्यामुळे जास्त खोल जाणं स्वस्तात पडतं.

पुढची झेप एका भारतीयाच्या सहभागाने घेतली गेली. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले थॉमस अनंतरामन १९८०च्या दशकात अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात होते. तिथे फेंग-श्युंग शू आणि मरे कॅम्पबेल यांच्यासोबत ते ‘डीप थॉट’ या यंत्रावर काम करत होते. या तिघांनी प्रश्न विचारला: एखाद्या स्थितीत एकच खेळी चांगली असेल आणि बाकी सगळ्या तिच्यापेक्षा खूपच वाईट असतील, तर तिथे काय करावं? अशी ‘एकुलती’ खेळी म्हणजे डावाचा सगळा तोल एका दोरीवर लटकलेला. ती दोरी तुटली तर सगळं बदलतं. म्हणून तिथेच जास्त खोल जायचं. यंत्र आधी तपासून बघतं की बाकीच्या खेळ्या खरोखर कमी प्रतीच्या आहेत का, आणि तसं आढळलं तर त्या एका खेळीची वाट लांबवतं. नोव्हेंबर १९८८मध्ये लाँग बीच इथल्या स्पर्धेत डीप थॉटने बेंट लार्सनला हरवलं. नियमित स्पर्धेत ग्रँडमास्टर यंत्राकडून हरण्याची ती पहिली वेळ. हेच यंत्र पुढे वाढून डीप ब्लू झालं.

वाटा लांबवायच्या तर वेळ कुठून आणायचा? दुसऱ्या वाटा आखूड करून. इथे मात्र अल्फा-बीटासारखी खात्री राहत नाही. इथून पुढे जुगार आहे, आणि तो शहाणपणाने खेळायचा आहे.

सगळ्यांत धाडसी जुगाराचं नाव ‘नल मूव्ह’, म्हणजे पाळी सोडून देणं. बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. पण यंत्र मनातल्या मनात सोडून बघतं: मी काहीच खेळलो नाही, प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन खेळ्या मिळाल्या, तरीही माझीच बाजू इतकी वरचढ राहते का? थोड्या खोलीवर तपासून उत्तर ‘हो’ आलं, तर खरी खेळी करून ती वरचढच राहणार असं मानून ती फांदी तिथेच छाटायची. लंडनच्या डॉन बील यांनी आणि १९९३मध्ये ऑस्ट्रियाच्या ख्रिली डोनिंगर यांनी ही पद्धत रुजवली. तिच्यामुळे खोली एकदम वाढली.

ती फसते कुठे ते बघण्यासारखं आहे. पांढरा राजा सी-५ वर, प्यादं डी-४ वर. काळा राजा ई-४ वर, प्यादं डी-५ वर. पटावर आणखी काही नाही. दोन्ही राजे आपलं प्यादं राखतायत आणि समोरच्याच्या प्याद्यावर टपलेले आहेत. पट मांडून बघा: ज्याची पाळी, त्याचा घात. पांढऱ्याला खेळावं लागलं तर त्याचा राजा प्यादं सोडून हटतो, ते जातं आणि डावही जातो. काळ्याची पाळी असेल तर तेच काळ्याचं होतं. इथे काहीच न खेळणं ही सर्वोत्तम खेळी ठरली असती, पण तसं करायची मुभा नाही. बुद्धिबळपटू याला झुगझ्वांग म्हणतात. ‘काहीही खेळलं तरी पाळी सोडण्यापेक्षा बरंच’ या गृहीतकावर उभी असलेली नल मूव्ह इथे साफ खोटं उत्तर देते. त्यामुळे बहुतेक इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे कार्यक्रम, फक्त राजा आणि प्यादी उरली की ही युक्ती बंद ठेवतात.

दुसरा जुगार त्याहून साधा दिसतो आणि आजच्या इंजिनांच्या ताकदीचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. खेळ्यांचा क्रम नीट लावलेला असेल, तर पहिल्या तीन-चार खेळ्यांत चांगली खेळी बहुतेक येऊन गेलेली असते. मग दहाव्या, पंधराव्या, तिसाव्या क्रमांकाच्या खेळीला तेवढीच खोली कशाला? त्या दोन, तीन, चार प्लाय कमी खोल बघायच्या. त्यातली एखादी अनपेक्षितपणे चांगली निघाली तरच तिला पूर्ण खोलीने पुन्हा तपासायचं.

आता ‘डेप्थ ३०’कडे परत बघा. मुख्य वाटेवर यंत्र ३० प्लाय गेलेलं असतं, कुठे शह-मारामारीत ४०-४५पर्यंतही. पण यादीच्या तळाशी असलेल्या खेळ्यांच्या वाटेवर ते कितीतरी आधीच माघारी फिरलेलं असतं. पाळी सोडून छाटलेल्या फांद्या तर त्याहून आखूड. ३० हा आकडा फेरीचा क्रमांक आहे, सगळीकडे गाठलेली खोली नव्हे. म्हणूनच एका इंजिनची डेप्थ २५ आणि दुसऱ्याची डेप्थ २५ यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. कोण किती छाटतं यावर ते अवलंबून.

या सगळ्याची चाहूल क्लॉड शॅनन यांना १९५०मध्येच लागली होती. आपल्या लेखात त्यांनी दोन मार्ग सांगितले होते: ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या खेळ्या बघणारा ‘ए’ प्रकार, आणि निवडक खेळ्याच पण खोलवर बघणारा ‘बी’ प्रकार. माणूस ‘बी’ प्रकाराने खेळतो, म्हणून भविष्य ‘बी’चं असं बऱ्याच जणांना वाटत होतं. जगज्जेते मिखाईल बोटविनिक विद्युत अभियंता होते. त्यांनी ‘पायोनियर’ नावाच्या कार्यक्रमावर कित्येक वर्षं याच मार्गाने काम केलं, पण त्यातून स्पर्धेत उतरणारा दमदार खेळाडू काही उभा राहिला नाही. उलट नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनी १९७३च्या सुमारास आपला निवडक शोध सोडून सरसकट सगळ्या खेळ्या बघायला सुरुवात केली आणि त्यांचा कार्यक्रम जास्त बळकट झाला. कारण निवड चुकली तर एका खेळीत डाव जातो, आणि त्या काळच्या कार्यक्रमांची निवड वारंवार चुकायची. पुढे केन थॉम्पसन यांनी ‘बेल’ या आपल्या यंत्राला वेगवेगळ्या खोलीवर स्वतःशीच खेळायला लावलं. एकेका प्लायमागे सुमारे २०० रेटिंग गुण वाढताना दिसले, खोली वाढत गेली तसा फायदा थोडा कमी होत गेला. त्या काळात ‘ए’ प्रकाराचाच विजय झाला असं सगळे मानू लागले.

माझ्या मते ती समजूत अर्धवट होती. आजचं स्टॉकफिश हे इंजिन बघा. ते मुळात सगळ्या खेळ्यांना हात लावतं, म्हणजे ‘ए’. पण वाट्याला येणारी खोली इतकी असमान, की व्यवहारात ते ‘बी’च्या जवळ गेलेलं आहे. फरक एवढाच, की जुन्या मंडळींची निवड एकदाच आणि कायमची असायची. नव्या इंजिनांची निवड कच्ची असते, शंका आली की ती मागे फिरून पुन्हा तपासतात. छाटलेलं परत बघण्याची ही सोय मिळाली आणि निवडक शोध जिंकू लागला.

२०१७च्या अखेरीस ‘अल्फाझीरो’ हे इंजिन आलं तेव्हा असमानतेची ही गोष्ट आणखी पुढे गेली. ते सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती बघायचं; त्याच्यापुढचं स्टॉकफिश सात कोटी. तरी अल्फाझीरो जिंकलं. न्यूरल नेटवर्कमुळे कुठे बघायचं याचा त्याचा अंदाज इतका सरस होता की हजारपट कमी बघून भागलं. नंतर २०२०मध्ये स्टॉकफिशनेही मूल्यमापनासाठी लहानसं, वेगवान न्यूरल नेटवर्क स्वीकारलं. ती कल्पना यु नासू या जपानी प्रोग्रॅमरने शोगी या जपानी बुद्धिबळासाठी काढलेली होती. शोधाची चौकट मात्र अल्फा-बीटाचीच राहिली.

या चौकटीत कुठे किती प्लाय कमी करायचे हे ठरवतं कोण? इथे पुस्तकी सिद्धांत फारसे कामी येत नाहीत. स्टॉकफिशचा सगळा कोड खुला आहे. कुणालाही त्यात बदल सुचवता येतो: अमुक परिस्थितीत एक प्लाय जास्त, तमुक परिस्थितीत एक कमी. २०१३पासून ‘फिशटेस्ट’ नावाच्या व्यवस्थेत असे बदल जगभरातल्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर तपासले जातात. जुनं आणि नवं इंजिन एकमेकांशी हजारो डाव खेळतात, आणि फरक नुसता योगायोगाचा नाही हे संख्याशास्त्राने पटलं तरच बदल स्वीकारला जातो. ऐकायला पटणाऱ्या कित्येक कल्पना तिथे नापास होतात. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी यात उतरावं असं मला मनापासून वाटतं. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कोपरगाव, संगमनेर किंवा लोणीच्या कॉलेजमधला विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर कोड वाचून, एक ओळ बदलून तो बदल चाचणीला पाठवू शकतो.

खेळणाऱ्यांसाठीही यात कामाचं काही आहे. नाशिकचा विदित गुजराथी कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, खेळलेला आहे. त्या पातळीवर दोन्ही बाजूंना तेच इंजिन उपलब्ध असतं. त्यामुळे इंजिनची पहिल्या मिनिटातली पसंती समोरच्यालाही पाठ असते. खरी किंमत असते ती डेप्थ २०ला यादीत खाली पडलेल्या आणि डेप्थ ४०ला अचानक वर आलेल्या खेळीला. आधीच्या फेऱ्यांत तिच्यावर कात्री चाललेली असते, एवढंच. शिकणाऱ्या मुलाला मोहऱ्याचा बळी देणारी खेळी सुचली आणि पट्टी लगेच घसरली, तर इंजिन तसंच चालू ठेवावं. किंवा ती खेळी पटावर करून मग बघावं. खेळी करून दिली की ती यादीच्या तळाशी राहत नाही, तिच्या पुढच्या स्थितीला इंजिन नव्याने पूर्ण खोली देतं. बऱ्याचदा पट्टी परत वर येते.

आणि खोली वाढवून जिथे काहीच साधत नाही, अशाही जागा आहेत. २०१७मध्ये गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक स्थिती प्रसिद्ध केली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिन म्हणतं काळा सहज जिंकतोय. पण काळ्याचे तिन्ही उंट काळ्या घरांतले आहेत आणि वजीर-हत्ती प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडलेले आहेत. पांढरा राजा नुसता पांढऱ्या घरांतून फिरत राहिला तरी डाव बरोबरीत सुटतो. माणसाला हे थोड्या वेळात दिसतं. इंजिन प्लायमागून प्लाय बघत जातं, कुठेच काही बदलत नाही, आणि ‘काहीच बदलत नाही’ हाच निष्कर्ष आहे हे त्याला उमगत नाही.

दुसऱ्या टोकाला, मोहरे अगदी थोडे उरले की खोलीचा प्रश्नच मिटतो. स्थिती पूर्ण उकलायचं काम तसं जुनंच: मुंबईत १८१४मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला गेला. त्यात मुख्यतः बिकट स्थिती आणि त्यांतून मात करण्याचे मार्ग होते. एकेक स्थिती शास्त्रीबुवांसारख्यांनी हाताने उलगडलेली. आज राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती मागून पुढे, म्हणजे मात झालेल्या पटापासून उलट हिशोब करत, पूर्ण सोडवून तक्त्यांत साठवलेल्या आहेत. मॉस्कोच्या ‘लोमोनोसोव्ह’ महासंगणकावर २०१२मध्ये हे काम झालं आणि त्यातून एक स्थिती अशी सापडली, की जिच्यात दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर मात व्हायला ५४९ चाली लागतात. तिथे कुठलंही इंजिन पुढे बघत नाही. तक्ता उघडून उत्तर वाचतं. आठ मोहऱ्यांचे सगळे तक्ते अजून तयार झालेले नाहीत, आणि डाव सुरू होतो ३२ मोहऱ्यांनी.